परवान्याचं डुक्कर

आमचं एक डुक्कर जवळजवळ पाच वर्षं परवान्याची वाट बघत जगलं. होनोलुलूजवळ वायपाहूच्या आमच्या अंगणात डुक्कर ठेवायला जागा नाही, शेजारीही ऐकून घेणार नाहीत. म्हणून ते माझ्या मेव्हण्याकडे, बोनीकडे, वायआनाएच्या दरीत असायचं. पण ते आमचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या बायकोने, कोन्सिंगने, ते बोलून ठेवलं होतं. आमचा नातू डेल्विन आर्किटेक्टच्या परवान्याच्या सहा पेपरांपैकी पहिला पास झाला, त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन लावला.

"बोनी, या वेळच्या पिल्लांतलं एक माझं. खच्ची कर आणि वेगळं ठेव. पोराला परवाना मिळाला की कापायचं आणि सगळ्या गल्लीला जेवायला घालायचं. ते कापलं त्या दिवशी आमचा डेल्विन आर्किटेक्ट."

बोनीने अंदाज बांधला. सहा पेपर म्हणजे फार तर एक वर्ष, आणि वर्षभरात डुक्कर सळीवर फिरवून भाजायच्या बेताचं होतंच. "दोघं बरोबर तयार होतील," तो म्हणाला.

डुक्कर वेळेवर तयार झालं.

डेल्विनचे पाच पेपर सुटले. काही पहिल्या फटक्यात, काही दुसऱ्या. शेवटचा मात्र सुटेना. त्यात बांधकामाचे बारकावे विचारतात. भिंतीत पाणी कुठून शिरतं, छताचा पत्रा भिंतीवर कुठवर चढवायचा, आगीपुढे कोणतं दार किती वेळ टिकतं. आणि डेल्विन होनोलुलूच्या ऑफिसात दिवसभर हेच काढायचा. हॉटेलांचे जिने, हॉटेलांचे संडास, चाकाच्या खुर्चीसाठी उतार. काढायचा तो, खाली सही दुसऱ्याची. त्याच्या मागून आलेली पोरं परवाना घेऊन त्याची साहेब झाली होती. त्याला त्याचं काही वाटतं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि तोही बोलला नाही.

हा पेपर कॉम्प्युटरवर असतो. शेवटचं बटण दाबलं की पडद्यावर लगेच ओळ येते. पक्का निकाल काही दिवसांनी येतो, म्हणून त्या ओळीत आधीच 'बहुतेक' लिहिलेलं असतं. बहुतेक नापास.

"बहुतेक म्हणजे देवाचं अजून ठरलेलं नाही," कोन्सिंग पहिल्या वेळी म्हणाली होती.

देवाचं ठरलेलंच असायचं. चार दिवसांनी पक्का निकाल यायचा आणि 'बहुतेक' तेवढं गळून पडायचं.

नापास झाल्यावर दोन महिने परत बसता येत नाही. ते दोन महिने गेले की डेल्विन पुढची तारीख घ्यायचा. पहिल्या वेळी तो गाडीत रडला होता. दुसऱ्या वेळी कुणाशी बोलला नाही. त्यानंतर मात्र तो अगदी नीट वागायला लागला. परीक्षेहून यायचा, बूट दाराबाहेर काढायचा, भात वाढून घ्यायचा आणि आईला विचारायचा, "शेवग्याचा पाला उरलाय का गं?" त्याची आई, आमची मुलगी एर्लिंडा, पाला वाढायची आणि सिंककडे तोंड करून उभी राहायची.

तिकडे डुक्कर वाढत होतं. सळीवर मावेनासं झालं, मग पिंजऱ्यात मावेना. बोनीने त्याचं खाणं कमी केलं.

"अभ्यास करायचा डेल्विनने आणि उपास मी करायचे, असं ते म्हणतंय," बोनी फोनवर सांगायचा. त्याने डुकराला आर्किटेक्टसाहेब म्हणायला सुरुवात केली होती, आणि मला तो मानोंग म्हणतो, म्हणजे दादा. "मानोंग, आर्किटेक्टसाहेब आज चिखलातून उठलेच नाहीत. ऑफिसला सुट्टी दिसते."

"तुझी जीभ झडो," कोन्सिंग मागून ओरडायची.

"अगं, मी त्याला मान देतोय! गल्लीत दुसरा आर्किटेक्ट आहे कुठे अजून?"

एकदा हे डेल्विनच्या समोरच झालं. बोनी ओशाळला. डेल्विन म्हणाला, "बरोबर आहे, अंकल. त्याचा अनुभव माझ्याइतकाच आहे."

संध्याकाळी ऑफिसहून आला की तो ओट्यावर बसायचा आणि मी त्याला प्रश्न वाचून दाखवायचो. त्याने जाड कागदाचे पत्ते कापून घेतले होते. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. मी अक्षर शिकलो ते मी कामाला होतो तो साखर कारखाना बंद पडल्यावर. घरात रिकामा बसून कोन्सिंगचं डोकं खात होतो, म्हणून तिने मला प्रौढांच्या शाळेत नेऊन घातलं. त्यामुळे मी वाचतो ते बोट ठेवून, एकेक शब्द. डेल्विनला ते चालायचं. आजोबाला तो लोलो म्हणतो, आजीला लोला. तो म्हणायचा, "लोलो, तुम्ही हळू वाचता तेच बरं. तिथे गेलं की माझे डोळे पुढे पळतात."

मी वाचायचो, तो उत्तर द्यायचा, मी पत्ता उलटून बघायचो. कोन्सिंग शेजारी बसून शेवग्याची पानं देठावरून ओरपत असायची. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, पण पत्ता उलटल्यावर मी गप्प राहिलो की तिला कळायचं. मान वर न करता म्हणायची, "परत."

मी तोच प्रश्न परत वाचायचो. पुन्हा चुकला की पुन्हा, "परत." तिच्या आवाजात राग नसायचा. भात करपू नये म्हणून सांगावं तसं सांगायची.

परीक्षेच्या दिवशी मी त्याच्याबरोबर जायचो. हा कोन्सिंगचाच हुकूम होता. "एकट्याने परत येऊ देऊ नका त्याला." तो आत जायचा. तिथे खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्म्याच्या काड्यासुद्धा तपासतात. मी विलायती शिरिषाच्या सावलीत गाडीच्या काचा उतरवून बसायचो. तो बाहेर आला की चालण्यावरून कळावं म्हणून मी बघत राहायचो. पुढे पुढे कळेना. तो नेहमी एकसारखाच चालत यायचा.

त्यात आणखी एक मेख होती. पास झालेला पेपर पाच वर्षांनी शिळा होतो. सहाही पेपर पाच वर्षांच्या आत पास व्हायला हवेत, नाहीतर सगळ्यात जुना बाद होतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. डेल्विनचा पहिला पेपर ऑगस्टमध्ये शिळा होणार होता. त्याने जूनची तारीख घेतली. तेव्हाही नापास झाला, तर दोन महिने थांबेपर्यंत ऑगस्ट निघून जाणार. म्हणजे एकाचे दोन पेपर, आणि मग त्यामागचा शिळा व्हायला टेकलेलाच. हे त्याने आम्हाला जेवताना सांगितलं, आणि मग मिरचीचा व्हिनेगर मागितला.

मे महिन्यात कोन्सिंग गेली. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती उठेना. एवढंच झालं.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. माणसं येत होती, जपमाळा चालू होत्या. मयत घरातून जाईपर्यंत आमच्यात केर काढत नाहीत. डेल्विनच्या टेबलावरून काही पत्ते खाली पडले होते ते तसेच पडून होते. लोक त्यांच्या कडेकडेने चालत. डेल्विन खुर्च्या मांडायचा, खुर्च्या उचलायचा. एका बाईने त्याला जवळ घेतलं तर तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला, जणू तिचंच कुणी गेलं होतं.

मातीहून आल्यावर नवव्या दिवसाच्या जेवणाचं बोलणं निघालं. नवव्याला डुक्कर लागतं. स्वयंपाकघरात एर्लिंडा, बोनी, डेल्विन आणि मी बसलो होतो.

बोनी म्हणाला, "माझ्याकडे दुसरं आहे. बऱ्यापैकी आहे. पण मानोंग, लोक येऊन बघणार. बहिणीच्या नवव्याला हे एवढंसं, आणि तिचं स्वतःचं डोंगराएवढं तिकडे उभं."

"ते बोलून ठेवलेलं आहे," एर्लिंडा म्हणाली. "आईने बोलून ठेवलंय. ते दुसऱ्या कशाला कापायचं नाही."

"दुसऱ्या कशाला कुठे? तिच्यासाठीच ना?"

"अंकल, नवस नवस असतो. तो मोडला तर..."

"तर काय?" डेल्विनने विचारलं.

"तर तू कधीच..." एर्लिंडाने तोंडावर हात ठेवला.

"तसाही होत नाहीये, आई," डेल्विन म्हणाला. अगदी साध्या आवाजात. बाहेर ऊन आहे म्हणावं तसा.

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागली. घरातला मोठा मी. मी भाताच्या भांड्याकडे बघत होतो. त्याचं झाकण कोन्सिंगने एकदा पाडलं होतं, तेव्हापासून ते नीट बसत नाही. मला काही बोलावं असं वाटलं नाही. नवस मोडावा असंही वाटलं नाही आणि पाळावा असंही नाही.

"कापा," डेल्विन म्हणाला. "लोलाने ठेवलं होतं. लोलालाच द्या."

त्या दिवशी तो स्वतः वायआनाएला आला. डुक्कर पळणारं राहिलंच नव्हतं. दार उघडलं तसं ते डुलत डुलत पुढे आलं आणि त्याने डेल्विनच्या गुडघ्याला नाक लावलं.

"चला, आर्किटेक्टसाहेब," बोनी सवयीने बोलून गेला. मग त्याने टोपी काढली आणि परत घातली. डेल्विनने दोर धरला होता. त्याच्या हाताला तो काचला होता, ते मी दुसऱ्या दिवशी बघितलं.

नवव्याला सगळी गल्ली जेवली. पहिलं पान कोन्सिंगचं वाढून तिच्या फोटोपुढे ठेवलं. मांस चिवट होतं. म्हातारी माणसं बराच वेळ चावत बसली आणि छान आहे म्हणाली. बोनी प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होता, "पाच वर्षांचा अभ्यास आहे त्यात. चावायला वेळ लागणारच."

भाताच्या पेंढ्याची राख पाण्यात कालवून घरच्यांचे केस धुवायचे असतात, म्हणजे दुःख उतरतं. वायपाहूत पेंढा कुठला? बोनीने कुठून तरी मूठभर मिळवला होता. किनाऱ्यावर जाऊन मी एकेकाच्या डोक्यावर पाणी ओतलं. डेल्विन वाकून उभा राहिला. मानेवरून काळं पाणी ओघळलं. न्हाव्याकडे विचारावं तसं त्याने विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

काही उतरलं असं मला वाटलं नाही. बहुधा त्यालाही नाही.

दुसऱ्याच दिवशी बोनी एक खोकं घेऊन आला. आत पिल्लू होतं, उशीएवढं. एर्लिंडा कडाडली, "अंकल, आजच? लाज वाटते का काही? तो अजून बसायचाय, आणि तुम्ही नापास धरूनच चाललात?"

"माझ्यावर का ओरडतेस? तुझ्या आईनेच सांगून ठेवलेलं. ईस्टरच्या सुमारास. म्हणाली, ते फार जून झालं, या वेळच्यातलं एक नवीन धरून ठेव डेल्विनसाठी. मी म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं आणि मग दरीत परत न्यावं."

डेल्विन खोक्यापाशी बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे तिला वाटत होतं की मला अजून वर्ष लागेल?"

बोनीने पिल्लाला परत खोक्यात ढकललं. "तिला वाटत होतं की तिला दात नाहीत. कवळी दुखते, म्हणाली. नातवाच्या जेवणाला मी काय नुसता रस्सा प्यायचा का?"

डेल्विन हसला नाही, पण तिथून उठलाही नाही. पिल्लू त्याच्या बोटाला चावायला बघत होतं.

परीक्षेपर्यंत थोडेच दिवस उरले होते. त्या दिवसांत आम्ही पत्ते काढले नाहीत. जमिनीवरचे एर्लिंडाने केर काढताना गोळा करून डब्यात ठेवले होते. संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसायचा, मी बसायचो. शेवग्याचं झाड समोर होतं. पानं वाढली होती, कुणी तोडली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी कपडे करून बसलो. तो म्हणाला, "लोलो, तुम्ही कशाला? दमाल."

"तिने सांगितलंय."

त्याने माझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

एर्लिंडाने डबा दिला होता. भात आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मांस. त्या डुकराचं शेवटचं मांस फ्रीजरमध्ये उरलं होतं, तेच. तो आत गेला. मी शिरिषाखाली गाडीत बसलो. मध्येच डोळा लागला. एक पाखरू येऊन गाडीच्या टपावर चालत होतं, त्याच्या नखांच्या आवाजाने जाग आली. मी प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला. शब्द आले, पण नुसते शब्दच.

तो बाहेर आला. नेहमीसारखाच चालत. गाडीत बसला, दार लावलं आणि म्हणाला, "जेवूया?"

आम्ही डबा मधे ठेवून जेवलो. मांस आता मऊ झालं होतं. परत परत गरम केल्याने होतं तसं. त्याने शेवटचा तुकडा माझ्याकडे सरकवला, मी त्याच्याकडे. शेवटी त्याने तो अर्धा केला. हात पुसले, डब्याचं झाकण लावलं.

"बहुतेक पास," तो म्हणाला.

"हं," मी म्हटलं.

समोर एक बाई गाडी मागे घेत होती. आम्ही तिची गाडी निघेपर्यंत बघत राहिलो. मग त्याने चावी फिरवली.

महामार्गावर, गाड्या तुंबलेल्या असताना, तो म्हणाला, "लोलो, मला वाटलं होतं काहीतरी वाटेल."

"वाटेल," मी म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. मलाही अजून काही वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी पक्का निकाल आला. 'बहुतेक' गळून पडलं. एर्लिंडा जमिनीवर बसून रडली, आईचा फोटो घेऊन. ऑफिसात केक कापला. काही आठवड्यांनी सरकारी कागद आला. मी बोट ठेवून तो वाचला आणि त्याचं नाव बरोबर लिहिलंय का ते बघितलं. बरोबर होतं. डेल्विनने तो खणात ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून तो पुन्हा हॉटेलांचे संडास काढायला लागला. आता सही त्याची.

गल्लीतले लोक विचारायला लागले, जेवण कधी? बोनी म्हणाला, "मी मोठं डुक्कर देतो. या रविवारी उडवून टाकू. मानोंग, हो म्हणा."

मी डेल्विनकडे बघितलं. तो म्हणाला, "तिने ते पिल्लू ठेवलंय ना?"

"ते? ते मांजराएवढं आहे! एक घास येईल एकेकाला."

"मग मोठं होऊ दे."

"अरे, पण वर्ष जाईल!"

"जाऊ दे. तिनेच सांगितलं होतं, डुक्कर कापलं की आर्किटेक्ट. आता मला कुठे घाई आहे?"

बोनीने दोन्ही हात वर केले. "पाच वर्षं डुक्कर याच्यासाठी थांबलं. आता हा डुकरासाठी थांबतोय. तुमचं घराणंच वेगळं आहे, मानोंग." पण पिल्लू त्याने दरीत ठेवून घेतलंय, आणि मी ऐकलंय की त्याला दूध पाजतो.

तेव्हापासून कुणी रस्त्यात डेल्विनला विचारलं, "काय रे, झालास का आर्किटेक्ट?" तर तो म्हणतो, "नाही अजून. लहान आहे." लोकांना वाटतं तो थट्टा करतोय.

परवा संध्याकाळी तो ऑफिसहून आला, बूट काढले, ओट्यावर बसला. मी शेवग्याची फांदी घेऊन बसलो होतो. पानं ओरपायला मला जमत नाही, देठ येतात. थोड्या वेळाने तो आत गेला आणि डबा घेऊन आला.

"वाचता का?" त्याने विचारलं.

"आता कशाला?"

त्याने खांदे उडवले. मी फांदी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि वरचा पत्ता घेतला. जिन्याच्या कठड्याबद्दल काहीतरी होतं. मी एकेक शब्द वाचला. तो झाडाकडे बघत होता. त्याने उत्तर दिलं. मी पत्ता उलटला आणि गप्प राहिलो.

पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला. पाणी पडत राहिलं.

"परत," डेल्विन म्हणाला.

मी पत्ता उलटला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.